सात नंबर कोणाचा?

मी त्याचा हात पहिल्यांदा हातात घेतला तो रक्त काढण्यासाठी, आणि ते रक्त मी काढलंच नाही.

सकाळची वेळ होती. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये त्या वेळी उपाशीपोटी आलेल्यांची रांग असते, आणि उपाशी माणसं चिडकी असतात. त्यामुळे माझे हात भराभर चालतात. खुर्ची रिकामी झाली आणि एक उंचसा माणूस खांद्यावरची बॅग सावरत काउंटरपाशी आला. मी म्हटलं, बसा, हात पुढे करा. तो बसला. मी दंडाला रबरी पट्टा बांधला, मूठ वळायला लावली, कोपरापाशी बोटाने चाचपून पाहिलं. शीर अशी झकास होती की आंधळ्यालाही सापडली असती. पण टोचण्याआधी नाव विचारायचं आणि चिठ्ठीशी ताडून बघायचं हा नियम आहे, आणि नियमाच्या बाबतीत मी सख्ख्या भावालाही सोडत नाही.

"चिठ्ठी?"

"चिठ्ठी नाही माझ्याकडे. मी नवं मशीन बसवायला आलोय."

"मग हात कशाला पुढे केलात?"

"तुम्ही मागितलात…"

रांगेतली उपाशी माणसंसुद्धा हसली. मी पट्टा सोडला, मशीनची खोली आतल्या बाजूला आहे असं शक्य तितक्या कोरडेपणाने सांगितलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं. त्या पुढच्या माणसाची शीर मला दोनदा शोधावी लागली, हे मी कोणाला सांगितलं नाही.

लॅबमध्ये मला सगळे फौजदार म्हणतात. अर्धवट भरलेली ट्यूब, घाईत लिहिलेलं नाव, हातमोजे न घालता उघडलेलं झाकण, काहीही माझ्या नजरेतून सुटत नाही. आणि त्या दिवसांत तर मी जास्तच कडक झाले होते, कारण त्या मशीनवर माझं सगळं ठरायचं होतं. गळ्यात एक फुलपाखराएवढी ग्रंथी असते, थायरॉइड. कधीकधी शरीराचे रखवालदारच तिच्यावर उलटतात, कुंपणच शेत खातं, आणि ते चाललंय की नाही हे रक्तातल्या अँटिबॉडी मोजून कळतं. आम्ही ते रक्त दुसऱ्या शहरातल्या मोठ्या लॅबला पाठवायचो. रिपोर्टची वाट बघत बसलेल्या माणसांचे फोन मी घ्यायचे, आणि त्यांना द्यायला माझ्याजवळ काही नसायचं. आता ते मशीन आमच्याकडेच येत होतं. लॅबच्या प्रमुख डॉक्टर, आमच्या मॅडम, म्हणाल्या होत्या की मशीन पास झालं तर तो सगळा विभाग माझ्याकडे. एवढी वर्षं मी ज्याची वाट पाहिली ते हेच होतं.

तो दोन दिवसांसाठी आला होता. मशीन बसलं, पण मग एक नळी गळायला लागली, मग एक सुटा भाग मागवावा लागला, आणि मुक्काम वाढला. लॅबने त्याचं नाव 'पाहुणे' ठेवून टाकलं. मी त्याला एकदा ऐकवलंही, पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. तो स्क्रू काढता काढता म्हणाला, अक्कल पहिल्याच दिवशी काउंटरवर गेली, आता राहायला हरकत नाही. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. कान मात्र गरम झाले.

त्या खोलीत माझं काय काम होतं? होतं ना. मशीन शिकून घ्यायचं होतं. तो काढलेले स्क्रू एका झाकणात क्रमाने मांडून ठेवायचा, आणि मला अशी माणसं आवडतात. बोलायचा कमी, बघायचा फार. खोलीतला एसी मेला नको तितका थंड होता, मी स्वेटर घालूनच बसायचे. एक दिवस पाहते तर माझ्या खुर्चीच्या वर असलेल्या एसीच्या झडपेला त्याने पुठ्ठा चिकटवलेला. मी म्हटलं, मशीनला थंडावा लागतो. तो म्हणाला, मशीनला पुरेसा आहे. एवढंच. आणि मी संध्याकाळभर त्या पुठ्ठ्याचा विचार करत बसले, म्हणजे करत झोपले, कारण हल्ली घरी गेलं की मला बसल्या जागी झोप लागत होती. आई म्हणायची, जेवून तरी झोप. मी म्हणायचे, आई, दिवसभर उभं राहून बघ मग कळेल.

सुटा भाग आला, मशीन सुरू झालं, आणि त्याला खरं बोलता येतं की नाही हे बघायची वेळ आली. त्यासाठी आधी निरोगी रक्त लागतं. निरोगी माणसं आणायची कुठून? सगळ्या लॅब करतात तेच आम्ही केलं, घरचीच माणसं धरली. लॅबमधले सगळे, औषधांच्या खिडकीतले काका, कॅशियर, दोन नर्स. वीस जण हवे होते, एकोणीस भरले, तेव्हा पाहुण्यांनी बाही वर केली. या खेपेला मी त्याचं रक्त खरंच काढलं. त्याने सुईकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. माझं रक्त थोरल्या बाईंनी काढलं. या आमच्यातल्या सर्वांत जुन्या. त्यांची एक पद्धत आहे, आणि ती मला फार पटते. निरोगी म्हणून घेतलेल्या ट्यूब त्या आधी आपल्या हाताने मिसळून टाकतात आणि मग त्यांवर नुसते नंबर चिकटवतात. कोणता नंबर कोणाचा, त्याची नोंद ठेवत नाहीत. सोबत काम करणाऱ्याच्या दुखण्याची बातमी चहाच्या कपाबरोबर फिरू नये, असं त्यांचं म्हणणं.

वीसपैकी एकोणीस नमुने शहाण्यासारखे मर्यादेच्या आत राहिले. पस्तीसच्या खाली यायला हवं तिथे सात नंबर सहाशेच्या वर गेला.

मी म्हटलं, मशीन खोटं बोलतंय. तोही लगेच म्हणाला, हो, बहुतेक आधीच्या नमुन्याचा अंश सुईला चिकटून राहिला असेल. त्याने सुई धुतली. सात नंबर पुन्हा लावला. तोच आकडा. त्याने मशीनचं माप नव्याने जुळवलं, नवं रसायन उघडलं, सात नंबर लावला. तोच आकडा. दिवसभर त्याचं हेच चाललं होतं. मॅडमनी शेवटी उरलेल्यातलं थोडं रक्त मोठ्या लॅबला पाठवलं आणि स्पष्ट सांगितलं की सात नंबरचं कारण कळल्याशिवाय त्या सही करणार नाहीत. एक तर मशीन आजारी आहे, नाहीतर आपल्यातला एक जण, असं त्या म्हणाल्या.

आपल्यातला एक जण म्हटल्यावर मी कामाला लागले. औषधवाल्या काकांचं बोलणं किती संथ आहे हे मला आजवर लक्षातच आलं नव्हतं. कॅशियरचं वजन वाढलं होतं आणि चिडचिड तर विचारू नका. एका नर्सचे केस विरळ दिसले. मी एकेकाला गाठून गळा बघायला लागले, तेव्हा थोरल्या बाईंनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या की मी नंबर ज्यासाठी चिकटवते ते तू दोन दिवसांत धुळीला मिळवलंस. वाद घालायला घसाही साथ देत नव्हता. दिवसभर ओरडून तो हल्ली सारखा बसायचा.

आणि मग कँटीनमध्ये त्याने मला सांगितलं की तो कंपनीला कळवणार आहे, मशीनमध्ये दोष आहे, परत न्या.

स्वतःच्या मशीनला नावं ठेवणारा इंजिनियर मी जन्मात पाहिला नव्हता. हे लोक मशीनमधून धूर निघाला तरी तुमच्याकडची वीज खराब आहे म्हणतात. मला राग आला. मशीन गेलं की विभाग गेला, हे त्याला माहीत होतं. मीच त्याला सांगितलं होतं, याच टेबलावर बसून, विभागाच्या दारावर कोणत्या रंगाची पाटी हवी इथपर्यंत सगळं. मी विचारलं, माझ्या मुळावर तुम्ही का उठलात? तो चहाच्या कपाकडे बघत राहिला. म्हणाला, मशीन खोटं असलेलं बरं. मी म्हटलं, कोणासाठी बरं? आणि चहा तसाच टाकून उठले. जिना चढताना धाप लागली, ती मी रागाच्या खात्यावर जमा केली.

मोठ्या लॅबचा रिपोर्ट आला तेव्हा आम्ही सगळे काउंटरपाशीच होतो. मॅडमनी आकडा वाचून दाखवला. सहाशेच्या वर. तिथेही तेच. मशीन पहिल्या दिवसापासून खरं बोलत होतं. मला आनंद व्हायला हवा होता, आणि क्षणभर झालाही. मग मी त्याच्याकडे पाहिलं. तो पांढराफटक पडला होता. तो मशीनच्या खोलीत निघून गेला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. विसावा नमुना त्याचा होता. सात नंबर तोच. म्हणून पुन्हा पुन्हा लावत होता, म्हणून मशीन खोटं ठरवायला निघाला होता. बिचारा एकटाच भीत होता, आणि मी त्याला माझ्या पाटीचा रंग सांगत बसले होते. या माणसाला काही होता कामा नये, एवढं एकच मला त्या घडीला कळत होतं.

मी खोलीत गेले आणि दार लोटलं. तो मशीनसमोर नुसता बसला होता, हात मांडीवर. मी त्याच्यासमोर खुर्ची ओढली.

"हे बघा, मी सांगते ते नीट ऐका," मी म्हटलं. "हा आजार ऐकायला मोठा वाटतो, पण तो सांभाळता येतो. एक लहानशी गोळी, रोज सकाळी, उपाशीपोटी. माणूस नोकरी करतो, संसार करतो, सगळं करतो. थकवा जातो. हळूहळू थंडी वाजायची थांबते. माणूस तोच राहतो."

तो माझ्याकडे बघत होता. डोळ्यांत पाणी होतं असं मला वाटलं, म्हणून मी थांबलेच नाही.

"आणि कोणाला काय वाटेल याची काळजी करू नका. मला तर काडीचाही फरक पडत नाही. ज्याला माणूस हवा असतो त्याला तो… त्याला तो अँटिबॉडीसकट हवा असतो."

बोलून गेले. परत घेण्यासारखं नव्हतं. मशीन गुणगुणत होतं, आणि त्याच्या काचेवर आम्ही दोघे दिसत होतो.

"सात नंबर मी नाही," तो म्हणाला.

"घाबरू नका हो. मला सांगितलंत तरी…"

"मी नाही. नवं मशीन बसवलं की मी आधी माझंच रक्त लावतो. प्रत्येक ठिकाणी. मला माझा आकडा पाठ आहे, तो दोनच्या वर कधी गेला नाही."

मी विचारलं, मग कोण? तो हळूहळू बोलायला लागला, खाली बघत, एकेक स्क्रू मांडल्यासारखा. त्याच्या आईला हाच आजार होता आणि घरात कित्येक वर्षं कोणाच्या लक्षात आला नव्हता. सगळे तिला आळशी म्हणायचे, तोही म्हणायचा. त्यामुळे आता त्याची नजर आपोआप जाते.

"तुम्ही भर दुपारी स्वेटर घालता," तो म्हणाला. "जिन्याच्या वळणावर थांबता आणि मोबाइल बघण्याचं नाटक करता. सकाळी तुमचा आवाज चांगला असतो, दुपारपर्यंत बसतो. वेणी घालताना… म्हणजे तुम्ही ती परत परत बांधता, आणि हातात आलेले केस खिशात टाकता. पट्टा बांधलात त्या दिवशी तुमची बोटं बर्फासारखी होती. नंबर कोणाचा ते मला खरंच माहीत नव्हतं. नुसता अंदाज होता. तो चुकावा म्हणून मी मशीनला दोष देत होतो."

मला काय वाटलं ते सांगायचं तर भीती वाटली, सरळ साधी भीती. हात गार पडले, आणि ते आधीपासूनच गार होते हे त्याच क्षणी कळलं. सगळ्या हॉस्पिटलचे गळे मी तपासले आणि आरशात रोज दिसणारा तेवढा राहिला. आईची ती 'जेवून तरी झोप' आठवली. डोळे भरून आले. मी फौजदार असल्याने ते पुसले आणि पहिल्यांदा त्यालाच झापलं.

"एवढे दिवस गप्प राहिलात. अंदाज होता तर सांगायचा. आजारी माणसाला कळायला नको?"

"अंदाजाला रिपोर्ट म्हणत नाहीत, असं तुम्हीच सगळ्यांना सांगता."

"मला सांगायचं होतं."

"हो," तो म्हणाला. "चुकलं. तुम्हाला वाईट बातमी देणारा माणूस व्हायचं नव्हतं मला. दुसरंच काहीतरी व्हायचं होतं."

मग तो पुढे म्हणाला की आत्ता कोणीतरी गोळीबद्दल आणि माणूस तोच राहण्याबद्दल फार चांगलं सांगितलं, त्याला ते सगळं पाठ झालंय, आणि मी ऐकणार असेन तर तो शब्द न शब्द परत म्हणून दाखवील. मी म्हटलं, म्हणा. त्याने म्हटलं. लहानशी गोळी, रोज सकाळी. थकवा जातो. अँटिबॉडीशी आला तेव्हा मात्र तेवढं वाक्य त्याने माझा हात हातात घेऊन पुरं केलं.

त्याच दुपारी थोरल्या बाईंनी माझं रक्त पुन्हा काढलं. सुई काढल्यावर कापूस त्यांनी जरा जास्त वेळ दाबून धरला. अँटिबॉडी पुन्हा सहाशेच्या वर, आणि थायरॉइडची नेहमीची तपासणीही बिघडलेली. मॅडमनी मला आत बोलावून सगळं समजावलं, जे मला माहीत होतं तेही. मग म्हणाल्या की सात नंबरचं कारण मिळालं, त्या सही करतील, बाकीच्यांना नाव सांगायची गरज नाही. मी विचार केला. नंबर लपवण्याची पद्धत मला आवडते, आजही आवडते. पण दोन दिवस मी ज्यांचे गळे बघत फिरले होते ती माणसं बाहेर उभी होती, आणि एकमेकांकडे संशयाने बघायला मीच त्यांना शिकवलं होतं. मी बाहेर गेले आणि सांगितलं, सात नंबर मी आहे. मशीन चांगलं आहे. कॅशियरने पहिल्यांदा मान खाली घातली आणि मग माझ्यासाठी खुर्ची आणली. औषधवाले काका त्यांच्या त्या संथ आवाजात म्हणाले की गोळ्या त्यांच्याच खिडकीतून घ्यायच्या, दुसरीकडे गेलीस तर बघ.

घरी आईला सांगितलं तेव्हा ती रडली, मग स्वतःवर चिडली, मग मला बळेच दोन वेळा वाढलं. रात्री माझ्या पायांवर पांघरूण घालून गेली. मी जागीच होते, पण डोळे उघडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सही झाली आणि त्याचं काम संपलं. बॅग खांद्याला लावून तो दारापाशी आला. मी त्याला सोडायला फाटकापर्यंत गेले, सावकाश, आणि जिन्याच्या वळणावर मोबाइल काढला नाही.

"मशीनची सर्व्हिस कधी असते?" मी विचारलं.

"सहा महिन्यांनी."

"माझी तपासणी सहा आठवड्यांनी आहे."

तो थांबला. "येऊ?"

"रक्त द्यायला सोबत लागत नाही," मी म्हटलं. "मला लागेल."

"आणि मधले दिवस?"

मी जरा विचार केल्यासारखं केलं. म्हटलं, मधल्या दिवसांत रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घ्यायची आहे, आणि ती मी विसरणार. तो म्हणाला, तुम्ही आजवर काही विसरलेल्या नाहीत, अख्खी लॅब साक्ष देईल. मी म्हटलं, हे विसरणार, मला खात्री आहे. कोणीतरी आठवण करून द्यायला हवी. तो हसला आणि गाडीत बसला, आणि गाडी वळेपर्यंत मागे बघत राहिला.

पुढच्या सकाळी मी उठून तोंड धुतलं, पाण्याचा ग्लास भरला, गोळी पाकिटातून काढून तळहातावर घेतली आणि फोनसमोर बसले. आई म्हणाली, घे की मग, बघत काय बसलीस. मी तिला हाताने गप्प केलं. फोन वाजला. पहिल्याच रिंगला उचलणं बरं दिसलं नसतं, म्हणून तीन वाजू दिल्या.

"गोळी घेतलीस?" त्याने विचारलं.

"अगं बाई," मी म्हटलं, "विसरलेच होते."